पितळी रंगाखालचं सोनं

आरशाची चौकट वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमध्ये आली ती जुलैत, म्हणजे नको त्या महिन्यात. एका जुन्या संस्थानी राजवाड्याच्या दरबार हॉलमधला सात फुटी आरसा. काच तिकडेच ठेवून कोरीव सागवानी चौकट तेवढी ठाण्याला आणली होती. पावसाळ्यात लाकूड फुगतं. त्यावरचा खडू-सरसाचा लेप मात्र तितका फुगत नाही. मग कोपऱ्यातल्या जोडांवर तो पापुद्र्यासारखा सुटतो, तसाच सुटला होता. खोलीतली आर्द्रता ५५ टक्क्यांवर आणून तीन दिवस चौकटीला हातच लावला नाही.

तिला ‘नवी’ करायला कधीतरी सोनेरी रंग फासलेला. तो रंग म्हणजे वार्निशात कालवलेली पितळेची भुकटी. पितळ काळवंडतं, म्हणून सगळी चौकट शेवाळी-तपकिरी दिसत होती.

चौथ्या दिवशी पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा उघडून पाहिली. ॲसिटोनचा बोळा घासायचा नाही, नुसता फिरवायचा, आणि दर वेळी नवा घ्यायचा. खाली सोन्याचा वर्ख निघाला! दर सात-साडेसात सेंटिमीटरवर एक बारीक रेघ होती. वर्खाचं पान साधारण आठ सेंटिमीटर चौरस असतं, एकावर एक जरा चढवून लावतात. ही रेघ त्याचीच. उंचवट्यांवर मात्र सोनं झिजून, वर्खाखाली लेपावर देतात तो तांबड्या मातीचा थर दिसत होता.

मागच्या बाजूला, नजरेआड, पाण्याने जेमतेम ओलसर केलेला बोळा एकदाच फिरवला. सोनं कापसावर आलं. तेलावर बसवलेला वर्ख पाण्याला दाद देत नाही. हा पाण्याने बसवलेला होता. वरचा रंग उतरत गेला तसं झिजेचं कोडंही सुटलं. माणसाचा हात पोचतो तिथपर्यंतच सोनं गेलेलं, वरच्या महिरपीत जवळजवळ सगळं शाबूत. वर्षानुवर्षं साफसफाईत ओलं फडकं फिरलं असणार.

पापुद्रे बसवताना आधी अल्कोहोलचा थेंब, मग कोमट, पातळ सरस सुईने आत. सरस ६० अंशांच्या वर तापवला की त्याचा चिकटपणा जातो. जिथे लेपच गेला होता तिथे पातळ थर दिले, पण वरचा थर खालच्यापेक्षा कडक होऊ दिला नाही. नाहीतर तडे जातात. नवा वर्ख फक्त तेवढ्याच जागी लावला. अकीकाच्या गुळगुळीत दगडाने वर्ख घोटायची वेळ साधावी लागते: लवकर घोटलं तर वर्ख फाटतो, उशीर झाला तर चकाकी येत नाही. पावसात ती वेळ बरीच लांबते.

संध्याकाळी ट्यूबलाइट बंद करून बाजूने एकच पिवळा दिवा धरला. घोटलेली पानं उजळली, न घोटलेल्या खोबणी मऊ, मंद राहिल्या. विजेआधीच्या दरबारात समया-मेणबत्त्यांचा उजेड वाढवायला असे आरसे लावत; हा फरक त्या उजेडासाठीच केलेला. पितळी रंगाने तो सपाट करून टाकला होता. म्हणूनच जुन्या झिजेवर नवं सोनं चढवलं नाही.

चौकटीबरोबर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी गेली: कोरडा, मऊ केसांचा ब्रश. ओलं फडकं नाही, दिवाळीतही नाही.