पट्टी वर यायला वेळ लागतो

संगणकावर पियानोचा सॅम्पल (मुद्रित केलेला सूर) ऐकत बसायचं, सगळं जुळवायचं आणि तीच मिडी फाइल (कुठला सूर कधी आणि किती जोरात याची नोंद) डिस्क्लाव्हिअरला, म्हणजे आपोआप वाजणाऱ्या खऱ्या पियानोला, द्यायची. असं केलं की दाट जागी हमखास सूर गळतात, आणि दोष यंत्राच्या माथी मारला जातो. सॅम्पलला वजन नसतं, बोटाने दाबायच्या पट्टीला असतं. ग्रँडमध्ये, म्हणजे आडव्या पियानोत, पट्टीच्या मागच्या टोकाखाली सोलेनॉइड (विजेवर चालणारा चुंबकी दांडा) बसवलेला असतो. तो ते टोक वर ढकलतो, पुढची बाजू साधारण १० मिलिमीटर खाली जाते, हातोडी तारेवर आदळून मागे येते आणि मग पट्टीला पुन्हा वर यायचं असतं. लिहिताना सगळं लक्ष या शेवटच्या टप्प्याकडे हवं.

एकाच सुरावर सेकंदाला १० ठोके हवेत, म्हणजे प्रत्येकाला १०० मिलिसेकंद. सिक्वेन्सरमध्ये (मिडी लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) नोट पूर्ण १०० लांबीची ओढली तर सुटायला वेळच उरत नाही आणि मधले ठोके मुके जातात. ५० ते ६० दाबायला, उरलेले सुटायला, असं धरून सुरुवात करा आणि यंत्रावर ऐकून ठरवा. ग्रँडमध्ये पट्टी पूर्ण वर न येताही दुसरा ठोका पडतो, ही पियानो बनवणाऱ्या एरारच्या १८२१ सालच्या यंत्रणेची कृपा. उभ्या पियानोत ती सोय नसते, तिथे वेग आधीच उतरवून लिहा. आणखी एक बारीक गोष्ट: एकाच टिकवर (सिक्वेन्सरच्या वेळेच्या सर्वांत लहान घरावर) त्याच सुराचा नोट-ऑफ (पट्टी सोड) आणि नोट-ऑन (पट्टी दाब) हे संदेश येत असतील, तर ऑफ आधी गेला पाहिजे. उलट झालं तर नवा सूर जन्मतःच मरतो.

मिडीत व्हेलॉसिटी, म्हणजे ठोक्याचा जोर, १ ते १२७ असते, पण तळाचे आकडे बहुधा कागदावरच राहतात. पट्टी हलते, हातोडी तारेपर्यंत पोचत नाही. हा तळ कुठे आहे हे पियानोगणिक, किंबहुना पट्टीगणिक बदलतं. म्हणून रचनेआधी एक चाचणी फाइल करा: मिडी क्रमांक २१ ते १०८ अशा ८८ पट्ट्या, प्रत्येकीला १०, १५, २० असं पाचापाचाने ४० पर्यंत, दर दीड सेकंदाला एक ठोका. पंधरा-साडेपंधरा मिनिटांत संपते. कुठली पट्टी कितीला बोलली ते लिहून ठेवा. खर्जाच्या हातोड्या जड, त्यांना सहसा जास्त लागतं. मुंबई-कोकणात ही चाचणी पावसाळ्यात पुन्हा घ्या. दमट हवेत पट्ट्यांच्या खाचांतलं नमद्याचं अस्तर फुगतं आणि पट्टी आळसावते.

हळू ठोका उशिराही पोचतो. जोरदार ठोक्यात पट्टी हलल्यापासून तार वाजेपर्यंत पंचवीस-तीस मिलिसेकंद, अगदी हळुवार ठोक्यात दीडशेच्या पुढे. एकाच स्वरसमूहात वरचा सूर १०० व्हेलॉसिटीचा आणि खालचे ३० चे ठेवले तर ते फुटून ऐकू येतील. यासाठी डिस्क्लाव्हिअर बाहेरून आलेली मिडी ५०० मिलिसेकंद रोखून धरतो आणि प्रत्येक सूर त्याच्या ताकदीनुसार आगाऊ सोडतो. हे बंद करता येतं, पण रचना वाजवायची असेल तर चालूच ठेवा. सोबत ध्वनिमुद्रण असेल तर ते अर्धा सेकंद उशिराने सुरू करा.

हे यंत्र हाताशी असल्यावर माणसाला न जमणाऱ्या लयीच लिहाव्यात, असं माझं मत. त्यातला गुरू कॉनलन नॅनकॅरो (१९१२–१९९७). मेक्सिको सिटीत राहून त्याने कागदाच्या रोलवर हाताने भोकं पाडत स्वयंचलित पियानोसाठी रचना केल्या; एकच धून अनेक आवाजांत, प्रत्येकाची गती वेगळी, सगळे एका बिंदूवर भेटणारे. आपल्याकडे याला समेवर येणं म्हणतात, फक्त इथे आवर्तन एकच आणि सम शेवटी.

६० मात्रांची धून घ्या. पहिला आवाज मिनिटाला ९० मात्रांनी, दुसरा १२० ने, तिसरा १५० ने, प्रमाण ३:४:५. त्यांना लागतात ४०, ३० आणि २४ सेकंद. दुसरा १० सेकंदांनी आणि तिसरा १६ सेकंदांनी सुरू केला की तिघे एकदम संपतात. सिक्वेन्सरची गती ६० वर बांधून टाका आणि मात्रेला ९६० टिक ठेवा, म्हणजे सेकंदाला ९६०. तिन्ही आवाजांची मात्रा अनुक्रमे ६४०, ४८० आणि ३८४ टिकांची होते, सगळे पूर्णांक. १०५ ची गती घेतली की ५४८.५७ येतं आणि गडबड सुरू होते. ५४९ धरून मात्रा एकापुढे एक जोडत गेलात तर २०० मात्रांनंतर जवळजवळ ९० मिलिसेकंदांचा फरक पडतो. सम चुकलेली कुणालाही कळेल. म्हणून प्रत्येक मात्रेची जागा सुरुवातीपासून गुणाकाराने काढा आणि मगच पूर्णांक करा.

आवाज वेगळे असले तरी पट्ट्या त्याच, हे विसरू नका. दोन आवाज एकाच सुरावर आले तर दाबलेली पट्टी पुन्हा दाबता येत नाही, आणि पहिल्याचा नोट-ऑफ दुसऱ्यालाही उचलतो. आवाज वेगवेगळ्या सप्तकांत ठेवणं हा सोपा उपाय.

दाट गुच्छ जुन्या पाच-पिनी मिडी केबलवरून पाठवाल तर एका नोट संदेशाला जवळपास १ मिलिसेकंद लागतो; २० सुरांचा गुच्छ २० मिलिसेकंद पसरतो. यूएसबीवर ही अडचण नगण्य. पण एका वेळी किती पट्ट्या दाबल्या जातील याला मॉडेलनुसार मर्यादा असते, त्यामुळे लांब सूर पट्टी धरून न ठेवता पेडलवर लांबवा. सोलेनॉइडही कमी तापतात. वरच्या टोकाच्या दीडेक सप्तकाला डँपर (तारेवर टेकून सूर थांबवणाऱ्या गाद्या) नसतातच. तिथे नोटची लांबी कितीही ठेवा, फरक ऐकू येणार नाही.

मिडीत हे पेडल म्हणजे सीसी ६४ हा नियंत्रण संदेश. शून्य (पेडल सोड) पाठवून लगेच १२७ (पेडल दाब) पाठवलं तर डँपर तारेवर टेकायच्या आत परत उचलले जातात आणि मागची गिचमिड तशीच राहते. मध्ये दीडशे-दोनशे मिलिसेकंद सोडा, खर्जात थोडे जास्तच.