वाया गेलेला वेळ

रिकामी बसलेली मुलगी आमच्याकडे कुणालाच बघवत नाही. हातात पुस्तक असेल तर चालतं, निवडायला तांदूळ असतील तर फारच उत्तम. नुसती बसलेली दिसली की आतून हाक येणारच, "काय करून राहिली वं? इकडे ये, देठं तोड." माझं गाव भिवापूर. तिथे देठं तोडायला मिरची कधी कमी पडत नाही. आमच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावाला केवढा अभिमान वाटला. मलाही वाटला, पण आधी आठवली ती बोटांची आग.

कॉलेजातल्या मैत्रिणींचं ऋण आठवायला बसलं की लोक नोट्सबद्दल बोलतात, तापात डोक्याशी बसून काढलेल्या रात्रींबद्दल बोलतात. ते सगळं माझ्याही वाट्याला आलं, आणि ते विसरण्याइतकी मी कोडगी नाही. तरी माझ्या मनात पहिला नंबर दुसऱ्याच गोष्टीचा लागतो. त्या तिघींनी माझ्याबरोबर वेळ वाया घालवला. भरपूर, बिनहिशेबी आणि कुठलंही कारण न देता.

नागपूरला धरमपेठेत एका काकूंच्या घरी वरच्या मजल्यावर आम्ही चौघी राहायचो. एक तुमसरची, एक वणीची, एक पुलगावची. नावं होती सगळ्यांना, पण ती हजेरीपुरती. एरवी "तुमसर, चहा ठेव" आणि "वणीचा फोन आला का?" असाच कारभार. मला अर्थातच भिवापूर न म्हणता मिरची म्हणायच्या. तुमसर घरून तांदळाचं पोतं आणायची, पुलगाव आणायची फक्त तक्रारी.

विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा म्हणजे नागपूरचा उन्हाळा अंगावर घेऊन दिलेल्या परीक्षा. पारा ४५ च्या आसपास, आणि खोलीत एकच कूलर. त्याच्या ताट्यांवर मोसमातलं पहिलं पाणी पडलं की जो ओला वास सुटतो, तो पहिल्या पावसापेक्षा मला आजही जास्त आवडतो. पण त्या कूलरची टाकी लवकर रिकामी व्हायची आणि नळ होता व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला. रात्री पंप कोरडा पडून घरघरायला लागला की एकीने उठायचं, असं ठरलेलं. प्रत्यक्षात चौघीही उठायच्या. एक बादली भरायची, दुसरी टाकीत ओतायची, तिसरी ताट्यांवर मगाने पाणी मारायची आणि वणी कठड्याला टेकून सगळ्यांना सूचना द्यायची. मग झोप उडायची. त्याच कठड्याला टेकून गप्पा सुरू. विषय काय? सकाळी एकीलाही सांगता यायचा नाही. एकीच्या कामाला चौघी, तेही परीक्षेच्या आदल्या रात्री! काकू खालून ओरडायच्या, "पोट्ट्यांनो, पेपर आहे ना उद्या?" हाव काकू, आहे ना.

तर्री पोह्यांच्या गाडीवरही तेच. पोहे संपले तरी उठायचं नाही. "भाऊ, थोडी तर्री" म्हटलं की हरभऱ्याचा तो लाल, झणझणीत रस्सा पुन्हा प्लेटमध्ये यायचा आणि आणखी थोडा वेळ बसायचा परवाना मिळायचा. बाजूच्या टेबलावर मुलांची टोळकी तासन् तास बसलेली असायची, त्यांना कोणी काही विचारत नसे. चौघी मुली काही न करता बसल्या की येणारा-जाणारा मान वळवून बघायचा. एकटी असते तर मी दोन घासांत पोहे संपवून निघाले असते. तिघी बरोबर होत्या म्हणून बसायला शिकले.

या वाया घालवण्याचा कळस म्हणजे आमची छोटी रेल्वे. इतवारीहून नागभीडला जाणारी नॅरोगेज गाडी, रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. भिवापूरला ती एसटीपेक्षा उशिरा पोचायची, म्हणून शहाणी माणसं एसटीने जायची. शिमग्याच्या सुटीत तिघी माझ्या घरी यायला निघाल्या, तेव्हा मी बसस्टँडचं नाव काढलं. तुमसर म्हणाली, "बसनं काऊन? लवकर जाऊन काय करतं? घरी गेल्यावर तुझी आई देठंच तोडायला लावते ना?" मुद्दा बिनतोड होता.

गाडी निघाली. गुडघ्याला गुडघे लागत होते. उमरेडच्या पुढे बाहेर पळस पेटले होते आणि आत वणी डोकं मागे टाकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपली होती. पुलगावने तिच्या तोंडात संत्र्याची फोड ठेवली. वणीने डोळे न उघडता ती चावली, गिळली आणि पुन्हा तोंड उघडलं. आम्ही हसून हसून बाकावरून घसरलो. समोरच्या म्हाताऱ्या आजी आधी कपाळाला आठ्या घालून बघत होत्या. मग त्यांनीच पदराआडच्या पिशवीतून आणखी एक संत्रं काढून पुढे केलं.

पुढे नोकऱ्या आल्या, लग्नं झाली, एक बंगळुरूला गेली. आताच्या माझ्या ओळखीही चांगल्याच आहेत, पण त्यांना भेटायला निमित्त लागतं. हळदीकुंकू, वाढदिवस, मुलांची शिबिरं. "काही काम होतं का?" हा प्रश्न आधी येतो. या तिघींनी तो मला आजवर विचारलेला नाही. आभार मी कधी मानले नाहीत, मानले तर "डोकं फिरलं काय वं?" एवढंच ऐकायला मिळेल. म्हणून इथे लिहिते आहे.

छोटी रेल्वे २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. त्याच वर्षी नागपुरात मेट्रो सुरू झाली. मागच्या दिवाळीत चौघी जमलो, तेव्हा तुमसरने सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर तिकिटं काढली, थेट खापरीपर्यंतची. खापरीला आमचं कोणी राहत नाही. डबा गार होता, बसायला जागा होती आणि पुलगावची नवऱ्याबद्दलची तक्रार नुकतीच रंगात आली होती.

"अवं, पण खापरीला उतरून करायचं काय?" वणीने विचारलं.

"परतीचं तिकीट काढायचं," तुमसर म्हणाली आणि पुलगावकडे वळली, "हं, मग? सासू काय म्हणाली?"