आमची वाटचाल : १८७१ चा हंगाम आणि लाल फासा

ओहायो राज्यातील कोलंबस शहरात, राहत्या घराच्या तळघरात, २००७ साली मी आणि माझ्या पत्नीने हा व्यवसाय सुरू केला. प्रत्येक खेळाडूच्या खऱ्या आकडेवारीवरून बेतलेली कार्डे आणि फासे यांच्या साहाय्याने जुने बेसबॉल हंगाम टेबलावर पुन्हा खेळणाऱ्यांसाठी संच काढणारे आम्ही पहिले नव्हतो. एपीबीए या कंपनीचे संच १९५१ पासून आणि स्ट्रॅट-ओ-मॅटिक या कंपनीचे १९६१ पासून घरोघरी खेळले जात होते, आणि या कलेचा पाया त्यांनीच घातला, हे मी कोठेही कृतज्ञतेने सांगतो. आम्ही वेगळे केले ते एवढेच, की आजचा बेसबॉल समोर ठेवून त्यावरून जुना बेसबॉल बेतायचा नाही, असे पहिल्याच दिवशी ठरवले. १८७१ चा खेळ त्याच्या स्वतःच्या नियमांनी, त्याच्या स्वतःच्या चुकांसह कार्डावर उतरला पाहिजे, या एका आग्रहावर ही पेढी उभी राहिली, आणि याच आग्रहापायी ती एकदा बुडायलाही आली होती.

मी मूळचा सांगलीचा. शाळेत असताना क्लबच्या क्रिकेट सामन्यांचे स्कोअरबुक माझ्याकडे असे, आणि सामना संपल्यावर त्या आकड्यांवरून तोच सामना मनातल्या मनात पुन्हा खेळण्याची सवय मला तेव्हापासून आहे. अमेरिकेत आल्यावर हेन्री चॅडविक यांचे काम वाचनात आले. इंग्लंडात जन्मलेल्या आणि क्रिकेटचे वार्तांकन करता करता बेसबॉलकडे वळलेल्या या माणसाने बॉक्स स्कोअरला, म्हणजे सामन्याच्या आकडेवारीच्या तक्त्याला, शिस्त लावली. व्यावसायिक संघाची कल्पना ज्यांनी सिनसिनाटीत प्रत्यक्षात आणली, ते हॅरी राइटही जन्माने शेफील्डचे आणि एका क्रिकेट व्यावसायिकाचे चिरंजीव. त्यांच्या १८६९ च्या संघात त्यांचे धाकटे बंधू जॉर्ज यांना हंगामाचे १४०० डॉलर मिळत, तर स्वतः हॅरी यांना १२०० डॉलर. तो संघ त्या वर्षी अपराजित राहिला. हे सारे वाचताना आपण परक्या खेळाचा इतिहास वाचत आहोत असे मला कधी वाटले नाही.

पहिला संच १८७१ चा काढायचा, यावर आमच्या घरात चर्चाच झाली नाही. त्या वर्षी नॅशनल असोसिएशन ही पहिली व्यावसायिक संघटना सुरू झाली. दहा डॉलर प्रवेश शुल्क भरून नऊ संघ उतरले आणि एकूण १२७ सामने झाले. बेसबॉलच्या १९६९ च्या अभिलेख समितीने या संघटनेला मेजर लीगचा, म्हणजे सर्वोच्च श्रेणीच्या स्पर्धेचा, दर्जा नाकारला, आणि त्यामुळे बहुतेक संचकर्ते १८७६ च्या नॅशनल लीगपासून किंवा थेट १९०१ पासून सुरुवात करतात. मला ते कधी पटले नाही. बॉस्टनने १८७२ ते १८७५ अशी सलग चार विजेतेपदे मिळवली, त्यांतील शेवटच्या वर्षी ७१ सामने जिंकले आणि केवळ आठ गमावले. ती चार वर्षे वगळून जो १८७६ पासून खेळायला बसतो, त्याला स्पॉल्डिंग आणि बार्न्स हे बॉस्टनचे आघाडीचे खेळाडू १८७६ मध्ये शिकागोला गेल्याचे महत्त्व कळणार कसे? या छंदात नव्याने येणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की त्यांनी १८७१ पासूनच सुरुवात करावी.

आता लाल फाशाविषयी. प्रचलित पद्धतीत पहिला, म्हणजे लाल, फासा निम्म्या वेळा बॅटरच्या कार्डाकडे आणि निम्म्या वेळा पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, कार्डाकडे पाठवतो. विसाव्या शतकाच्या खेळाला ही वाटणी शोभते. परंतु १८७१ मध्ये पिचर पंचेचाळीस फुटांवरून, हात खाली ठेवून चेंडू टाकत असे, आणि चेंडू उंच हवा की खाली हे बॅटर सांगत असे. चेंडू न लागताच बॅटर बाद होणे, म्हणजे स्ट्राइकआउट, एका संघाच्या वाट्याला सामन्यात सरासरी एकदाही येत नसे. बहुतेक प्रत्येक चेंडू मैदानात जाई, आणि तेथे नऊ उघडे हात त्याची वाट पाहत असत, कारण ग्लोव्ह अजून रूढ झालेच नव्हते. प्रत्येक संघ सामन्याला क्षेत्ररक्षणात सरासरी सात-आठ चुका करी आणि साडेदहाच्या आसपास धावा काढी. त्या धावांपैकी निम्म्याहून अधिक या चुकांतून येत. म्हणून आमच्या संचात लाल फाशावर एक ते तीन आल्यास बॅटरचे कार्ड, चार किंवा पाच आल्यास क्षेत्ररक्षणाचा तक्ता आणि फक्त सहा आल्यास पिचरचे कार्ड पाहायचे. नंतर दोन पांढरे फासे दशक-एकक म्हणून वाचायचे. हे वरवर साधे दिसते, पण ही वाटणी बसवण्यात आमचे दीड वर्ष गेले.

क्षेत्ररक्षणाच्या तक्त्यासाठी तयार आकडेवारी पुरत नव्हती. शॉन लॅहमन यांचा मुक्त आकडेकोश १८७१ पासून सुरू होतो आणि त्याचा आधार आम्ही उघडपणे घेतला. परंतु कोणती चूक कोणत्या प्रसंगी झाली हे तेथे कळत नाही. त्यासाठी न्यूयॉर्क क्लिपर या साप्ताहिकाची मायक्रोफिल्म ग्रंथालयात बसून वाचली. शनिवारी मी वाचत असे आणि पत्नी लिहून घेत असे. त्या वर्षाचा पहिला सामना ४ मे रोजी फोर्ट वेन येथे झाला आणि स्थानिक किकिओंगा संघाने क्लीव्हलंडला २–० असे हरवले. त्या काळात इतक्या कमी धावांचा सामना हे नवल होते, आणि आम्हाला तीच उत्तम कसोटी ठरली. आमच्या फाशांतून २–० हा निकाल वारंवार येऊ लागला तर तक्ता चुकला असे समजायचे, आणि कधीच आला नाही तरीही चुकला असे समजायचे.

त्याच फोर्ट वेनमध्ये आम्हाला आमचे मुद्रक भेटले. ते वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे होते. त्यांच्याकडे जुने हायडेलबर्ग विंडमिल यंत्र होते, ज्यावर ते कार्डांना छिद्ररेषा पाडत आणि कोपरे गोल कापत. माझ्या मते या धंद्यात कोपऱ्याला आकड्याइतकेच महत्त्व आहे. चौकोनी कोपऱ्याचे कार्ड दोनशे वेळा हाताळल्यावर दुमडते, आणि दुमडलेले कार्ड गठ्ठ्यात ओळखू येते. कार्डाचा कागद तीनशे ग्रॅमपेक्षा हलका कधीही घेऊ नये आणि त्याचा आडवा-उभा धागा, म्हणजे तंतूंची दिशा, पाहिल्याशिवाय कापायला देऊ नये, हे त्यांनी मला शिकवले. तीन तास गाडी चालवून मी त्यांच्याकडे जात असे आणि पहिला ताव निघेपर्यंत यंत्राजवळ उभा राहत असे.

१८७१ चा संच २००९ मध्ये निघाला. किंमत अठ्ठेचाळीस डॉलर ठेवली होती. पहिल्या वर्षी एकशे चाळीस प्रती गेल्या. त्यांतील एक प्रत इलिनॉयमधील रॉकफर्ड येथील एका निवृत्त इतिहास शिक्षकांनी मागवली. आम्ही घरात त्यांना गुरुजीच म्हणतो. त्यांचे पहिले पत्र चार पानांचे होते आणि त्यात एकच तक्रार होती. कॅचर हेस्टिंग्ज यांच्या पात्रतेच्या वादात रॉकफर्डने मैदानावर जिंकलेले सामने पुढे काढून घेण्यात आले, त्यामुळे नोंदीत त्यांचे केवळ चार विजय आणि एकवीस पराभव उरले. मग आमच्या पुस्तिकेत रॉकफर्डला दुबळा संघ का म्हटले होते? ज्या गावाने १८६७ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल्सला २९–२३ असे हरवले, ज्या गावातून स्पॉल्डिंग आणि बार्न्स बॉस्टनने उचलून नेले, आणि ज्याच्याकडे त्या वर्षी पुढे नामवंत झालेला एकोणीस वर्षांचा अ‍ॅन्सन तिसऱ्या बेसवर उभा होता, त्याला दुबळे म्हणणे अन्यायाचे होते. त्यांचे म्हणणे खरे होते. दुसऱ्या आवृत्तीत आम्ही तो शब्द काढला आणि वादातील सामने खेळणाऱ्याने कसे धरावेत याचे एक स्वतंत्र पान जोडले.

शिकागोच्या आगीचे पानही गुरुजींमुळेच आले. ८ ऑक्टोबरच्या रात्री शहर पेटले, त्यात शिकागोच्या व्हाइट स्टॉकिंग्ज संघाचे मैदान आणि गणवेश जळाले, आणि विजेतेपदाच्या शर्यतीत असलेल्या त्या संघाने उरलेले सामने उसन्या कपड्यांत परगावी खेळून ३० ऑक्टोबर रोजी ब्रुकलिनमध्ये फिलाडेल्फियाच्या अ‍ॅथलेटिक्सकडून ४–१ अशी हार पत्करली. पुढची दोन वर्षे शिकागोचा संघच नव्हता. हंगाम पुन्हा खेळताना ही आग लावायची की नाही? गुरुजींच्या मते ती लावलीच पाहिजे, कारण संघ वाचवला तर खेळ १८७१ चा उरत नाही. माझे मत याउलट होते आणि आजही आहे; इतिहास जसाच्या तसा हवा असेल तर फासे टाकण्याचे कारणच राहत नाही. शेवटी दोन्ही वाटा देणारे पान छापले.

२०१३ च्या सप्टेंबरमध्ये एका मोठ्या प्रतिस्पर्धी कंपनीने अचानक १८७१ चा संच पंचवीस डॉलरला बाजारात आणला. स्पर्धेचे मला दुःख नाही. परंतु त्यांचा क्षेत्ररक्षणाचा तक्ता मी उघडला आणि माझे हात थंड पडले. फोर्ट वेनच्या एका राखीव खेळाडूच्या ओळीत २७ ऐवजी ७२ हा आकडा माझ्या टंकलेखनातील चुकीने आमच्या पहिल्या आवृत्तीत गेला होता आणि आम्ही तो नंतर दुरुस्त केला होता. त्यांच्या तक्त्यातही तेथे ७२ च होते. मायक्रोफिल्मसमोर काढलेले आमचे दीड वर्ष त्यांनी एका दुपारी उचलले होते. वकिलांनी शांतपणे सांगितले की आकडे कोणाच्याच मालकीचे नसतात, खेळाच्या पद्धतीवर हक्क सांगता येत नाही, आणि आमच्या स्वतःच्या अनुमानाने दिलेल्या मूल्यांसाठी भांडायचे तर आमच्या तीन वर्षांच्या मिळकतीहून अधिक खर्च येईल. मी त्या कंपनीला दोन पत्रे लिहिली. दोन्हींना उत्तर आले नाही, आणि ते शल्य माझ्या मनातून अद्याप गेलेले नाही.

त्याच वेळी आमचा १८७६ चा संच छापून तयार होता. फेअर-फाउल फटक्यासाठी, म्हणजे आत टप्पा पडून बाहेर वळणाऱ्या आणि १८७७ च्या नियमबदलापर्यंत ग्राह्य धरल्या जाणाऱ्या चेंडूसाठी, आम्ही स्वतंत्र रकाना केला होता. रॉस बार्न्स यांची १८७६ ची ०.४२९ ही फटक्यांची सरासरी त्याशिवाय कार्डावर नीट उतरत नाही. पुढच्या वर्षी ते कोसळले ते केवळ नियमामुळे असे बरेच संचकर्ते मानतात. पण ते त्या वर्षी आजारी होते आणि जेमतेम बावीस सामने खेळले, म्हणून त्यांचे १८७७ चे कार्ड बनवताना सगळा दोष नियमावर टाकू नये. सहाशे प्रती तळघरात पडून राहिल्या. पूर्वनोंदणी केलेल्यांपैकी निम्म्यांनी पैसे परत मागितले, आणि ते आम्ही दिले. मुद्रकांचे अकरा हजार डॉलर थकले. फेब्रुवारी २०१४ मध्ये पत्नीने आणि मी यंत्रे विकण्याची यादी केली होती. धंदा सुरू करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो की पूर्वनोंदणीचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत आणि माल हातून जाईपर्यंत त्यांना स्पर्श करू नये.

मुद्रकांनी त्या काळात एकदाही पैसे मागितले नाहीत. मी फोन केला की ते पुढच्या कामाचा कागद कोणता घ्यायचा एवढेच विचारत.

मार्चमध्ये रॉकफर्डहून एक खोके आले. त्यात हाताने भरलेल्या २५४ स्कोअरपत्रिका होत्या. गुरुजींनी त्या हिवाळ्यात १८७१ चे सर्व १२७ सामने दोनदा खेळले होते, एकदा आमच्या संचाने आणि एकदा त्या स्वस्त संचाने. आमच्या संचात प्रत्येक संघाच्या धावांची सरासरी दहाच्या थोडी वर आली. त्यांच्या संचात ती सहाच्याही खाली राहिली, कारण तक्ता त्यांनी आमचा घेतला होता, पण लाल फाशाची वाटणी जुनीच ठेवली होती; निम्मे फासे पिचरच्या कार्डाकडे जात, आणि तक्त्यातील चुकांना प्रसंगच मिळत नसे. १८७१ च्या नावाखाली ते पिचरांचे वर्चस्व असलेल्या १९६८ चा खेळ विकत होते. गुरुजींनी ही तुलना फासे-खेळाडूंच्या वार्षिक मेळाव्यात उभे राहून वाचून दाखवली, पत्रिका टेबलावर मांडल्या आणि ज्याला हवे त्याने तपासावे असे सांगितले. जूनपर्यंत १८७६ च्या चारशे प्रती गेल्या आणि मुद्रकांचा पै न पै हिशेब चुकता झाला.

त्यानंतरच्या सात वर्षांत १८७२, १८७३ आणि १८७४ चे संच वेळेवर निघाले. त्याविषयी विशेष लिहिण्यासारखे काही नाही.

मुद्रक २०२२ मध्ये वारले. त्यांच्या मुलीने विंडमिल यंत्र आम्हाला दिले, आणि ते आता आमच्या गाळ्यात, कागदाच्या मांडणीशेजारी उभे आहे. त्याची तेलाची डबी अजून त्यांचीच आहे. सध्या त्यावर १८७५ चा संच चढला आहे. त्या वर्षी तेरा संघ उतरले होते. ब्रुकलिनच्या अटलांटिक्सने केवळ दोन सामने जिंकले, तर आयोवातील किओकुकचा संघ तेरा सामने खेळून, त्यांपैकी एक जिंकून विसर्जित झाला. किओकुकच्या तेरा सामन्यांसाठी वेगळी कार्डे छापणे परवडत नाही, असे हिशेब तपासणाऱ्याने सुचवले होते. कार्डे छापली आहेत. प्रत्येक ओळ मी मोठ्याने वाचतो, पत्नी मूळ टिपणाशी ताडून पाहते, आणि मग आम्ही जागा बदलून ती पुन्हा वाचतो. पहिली बांधलेली प्रत रॉकफर्डला जाईल. गुरुजींनी १८७१ तिसऱ्यांदा खेळायला घेतला आहे, ते सध्या सप्टेंबरच्या अखेरीस पोहोचले आहेत, आणि आगीचे पान जीर्ण झाल्यामुळे नवे पाठवावे असे त्यांनी कळवले आहे.