आजीला माझं पान दिसेल का?

मुलांना वेबपान बनवायला शिकवायचं शिबिर: तीन दिवस, चौदा मुलं, दहा कॉम्प्युटर. वयं नऊ ते तेरा. वेबसाइट बनवणं हा माझा रोजचा धंदा, त्यामुळे पहिल्या दिवसाची आखणी मी फार ऐटीत केली होती. दहा मिनिटं ओळख, मग शीर्षक, परिच्छेद, चित्र, लिंक. तासाभरात प्रत्येकाचं पान तयार!

तास संपला तेव्हा आम्ही फाइल शोधत होतो.

"ताई, मी सेव्ह केलं. पण ते गेलं कुठे?"

हा प्रश्न मी त्या दिवशी किती वेळा ऐकला, मोजायचं सोडून दिलं. एचटीएमएल, म्हणजे वेबपान लिहायची भाषा, अवघड जाईल म्हणून मी तयारी करून गेले होते, पण तिच्यातल्या खुणांचं, टॅगचं, कुणालाच काही वाटलं नाही. गणितातली 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठा' ही चिन्हं, मध्ये एखादं अक्षर किंवा छोटा शब्द, बंद करताना तिरकी रेघ. झालं. अडलं ते फाइलपाशी. फोनवर वाढलेल्या मुलांच्या लेखी फोटो गॅलरीत असतो, गाणं ॲपमध्ये असतं, आणि ते खरोखर कुठे ठेवलंय हे विचारायची वेळच येत नाही. फोल्डर, त्याच्या पोटात फोल्डर, त्यात एक नाव असलेली वस्तू, ही कल्पनाच नवी.

त्यात विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवून ठेवतं. मुलं नोटपॅडमध्ये 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' असं नाव देऊन सेव्ह करायची, नोटपॅड त्याच्या मागे गुपचूप 'डॉट टीएक्सटी' चिकटवायचं. डबल क्लिक केलं की ब्राउझरऐवजी पुन्हा नोटपॅडच उघडणार. एकीने तर स्वतःचं नाव मराठीत लिहिलं होतं. जुनी मशीनं, जुनं नोटपॅड. सेव्ह करताना त्याने इशारा दिला, तो न वाचता तिने ओके केलं. पान उघडलं तर नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिचं नाव मीच खाल्लं होतं. सेव्हच्या खिडकीत एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, 'यूटीएफ-८' निवडलं, जिच्यात मराठीही बसते, नाव पुन्हा टाइप केलं, तेव्हा कुठे आमचं जमलं.

संध्याकाळी घरी जाऊन माझ्या स्लाइड्स बाजूला ठेवल्या आणि पुठ्ठ्याचे खोके शोधले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मोठा खोका, त्यात दोन लहान. एकावर 'इमेजेस' लिहिलं, त्यात मांजराचं चित्र टाकलं. एका मुलाला ब्राउझर केलं. त्याला एकच नियम: चिठ्ठीत लिहिलंय तेवढंच करायचं, डोकं चालवायचं नाही. पहिल्या चिठ्ठीवर नुसतं 'कॅट डॉट जेपीजी' होतं. त्याने मोठ्या खोक्यात पाहिलं, मांजर नाही, म्हणून फाटक्या चित्राचा कागद वर धरला. सगळे ओरडतायत, "अरे, आतल्या खोक्यात आहे, दिसत नाही का?" तो शांतपणे म्हणाला, "मला सांगितलेलं नाही." मग कुणीतरी चिठ्ठीवर आधी 'इमेजेस' आणि तिरकी रेघ घातली. पाथ म्हणजे फाइलपर्यंतचा रस्ता, हे मला त्यानंतर समजवावं लागलं नाही.

रंगांवर मी फार वेळ घालवणार नव्हते. लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी २५६ पायऱ्या. गुणाकार मुलांनीच केला: १,६७,७७,२१६ रंग. एवढे रंग हाताशी असताना नऊ जणांनी तोच भडक गुलाबी निवडला. असो.

दुपारी इन्स्पेक्ट दाखवलं, म्हणजे उघड्या पानाचं एचटीएमएल दाखवणारी ब्राउझरमधली सोय. बातम्यांच्या एका साइटवर उजवं क्लिक, मथळा बदलायचा. दोन मिनिटांत मागच्या रांगेत गलका. "शाळांना दोन महिने सुट्टी" अशी बातमी झळकत होती आणि ती करणारा अकरा वर्षांचा पोरगा पांढराफटक पडला होता. "ताई, मी हॅक केलं का? पोलीस येतील?" शेजारणीने तीच साइट आपल्या कॉम्प्युटरवर उघडली. तिच्याकडे जुनाच मथळा. त्याने रिफ्रेश केलं, सुट्टी गेली. जाम हिरमुसला.

मी म्हटलं, तुझ्याकडे आली ती झेरॉक्स. झेरॉक्सवर मिशा काढल्या तर मूळ पुस्तकाला काय होणार?

"मग मूळ कुठे आहे?"

या प्रश्नाची मी वाटच बघत होते. १९९१ साली जगासमोर आलेली पहिली वेबसाइट वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या सर्न या संशोधन संस्थेतल्या कॉम्प्युटरवर होती. त्यावर त्यांनी लाल शाईने लिहिलेली चिठ्ठी डकवली होती: हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका. सर्व्हर म्हणजे पानं ठेवणारं आणि मागेल त्याला पाठवणारं मशीन. कुणी चुकून बटण दाबलं असतं तर वेबच बंद! हे ऐकून पहिल्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "आपण घरी जाताना हे सगळे कॉम्प्युटर बंद करतो. मग आजीला माझं पान कसं दिसेल?"

आदल्या दिवशी तिने फोनवर आजीला पत्ता सांगितला होता. फाइल, कोलन, तीन तिरक्या रेघा, सी, कोलन, असा सगळा. आजीने बिचारीने तो लिहूनही घेतला होता.

तिसरा दिवस म्हणून अपलोडचा, म्हणजे पानं सतत चालू असणाऱ्या सर्व्हरवर चढवण्याचा. त्याआधी नियम: आडनाव नाही, शाळा नाही, चेहऱ्याचा फोटो नाही. चित्रं स्वतः काढलेली. एका पालकांनी दारातून विचारलं, "ॲप कधी शिकवणार?" मी हसून मान हलवली. हसण्याचं कारण त्यांना सांगण्यासारखं नव्हतं.

पानं वर गेली. आजीला खरा पत्ता गेला, फोन स्पीकरवर. "दिसलं गं! नाव दिसलं. पण चित्राच्या जागी काहीतरी तुटकं आहे."

मुलीच्या स्क्रीनवर मात्र चित्र व्यवस्थित होतं, कारण ती अजून स्वतःच्या कॉम्प्युटरवरचीच फाइल बघत होती. चूक मला लांबूनच दिसली. चित्राच्या फोटोच्या नावाचं शेपूट कॅमेऱ्याने मोठ्या लिपीत दिलं होतं, तिने लिहिलं होतं छोट्या लिपीत. विंडोज असला फरक मानत नाही. आमचा सर्व्हर लिनक्स या दुसऱ्या प्रणालीवर चालणारा, तो मानतो. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिले. सोपं नव्हतं.

तिने पाथ वाचला. खोका बरोबर होता. मग अपलोड केलेल्या फाइलचं नाव बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, आणि शेवटच्या तीन अक्षरांवर थांबली. "हे मोठं आहे. आणि ब्राउझर डोकं चालवत नाही." नाव बदललं, पुन्हा अपलोड केलं.

"आजी, फोन ठेवू नकोस. आता स्क्रीन बोटाने खाली ओढ. नाही, जोरात नाही. हळू."