मंगोलिया मिळाला! मुलांना मॉडेल यूएनला नेताना

मुलांना मॉडेल यूएनला, म्हणजे अभिरूप संयुक्त राष्ट्र परिषदेला, न्यायचं म्हटलं की पहिली चर्चा खर्चाची होते. मी मात्र आधी आयोजकांची नियमावली मागवून घेतली, आणि जे पहिल्यांदाच मुलं नेणार आहेत त्यांनाही हेच सांगेन. सगळ्या परिषदा एका साच्यातल्या नसतात. हेगला १९६८ पासून भरणाऱ्या परिषदेची पद्धत उचललेल्या ठिकाणी मुलं ठरावाचे मुद्दे आधीच लिहून नेतात. अमेरिकी पद्धतीच्या बहुतेक परिषदांत घरून लिहून आणलेला मसुदा चालत नाही. तिथे फक्त पोझिशन पेपर, म्हणजे आपल्या देशाची भूमिका मांडणारं टिपण, आधी पाठवायचा, आणि ठराव तिथेच, इतर देशांबरोबर बसून लिहायचा. आमची परिषद या दुसऱ्या प्रकारची होती. त्यामुळे तयारीत पाठांतराला जागाच नव्हती. समोरच्याचं ऐकून तिथल्या तिथे चार वाक्यं नीट लिहिता येणं, हाच सराव आम्ही करून घेतला.

परिषदेत मुलं एकेका देशाचे प्रतिनिधी म्हणून बसतात, आणि कोणता देश हवा त्याचा पसंतीक्रम अर्जात द्यायचा असतो. मुलांना अर्थातच सुरक्षा परिषदेतले पाच कायम सदस्य हवे होते. नकाराधिकार असलेला देश मिळाला की आपलं वजन पडेल, असा त्यांचा हिशेब. आम्हाला मिळाला मंगोलिया. यादी आली त्या दिवशी वर्गात चेहरे पडले होते. मला मात्र आनंद झाला, आणि तो मी लपवला नाही. मोठ्या देशाची भूमिका मुलांना बातम्यांतून अर्धीमुर्धी माहीत असते, म्हणून ती शोधायची गरज वाटत नाही. मंगोलियाबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं, त्यामुळे मूळ कागद उघडण्याशिवाय इलाज नव्हता.

आणि कागद उघडल्यावर जे हाती लागलं, त्याने वर्गाचा नूरच बदलला. मंगोलियाला शेजारी दोनच, रशिया आणि चीन, आणि दोघेही अण्वस्त्रधारी. १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओचिरबात यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आपला भूभाग अण्वस्त्रमुक्त असल्याचं जाहीर केलं. अण्वस्त्रमुक्त क्षेत्रं त्याआधीही होती, पण ती अनेक देशांनी मिळून केलेल्या करारांतून झालेली. लॅटिन अमेरिकेचा त्लातेलोल्को करार १९६७ चा. मंगोलियाला असा करार करायला सोबती कुठून मिळणार? म्हणून या देशाने एकट्यानेच वाट काढली. १९९८ मध्ये आमसभेने या दर्जाची दखल घेतली, २००० मध्ये मंगोलियाने स्वतःचा कायदा केला, आणि २०१२ मध्ये पाचही अण्वस्त्रधारी कायम सदस्यांनी या दर्जाचा आदर करण्याच्या घोषणापत्रांवर सह्या केल्या. वीस वर्षांचा हा पाठपुरावा फळ्यावर क्रमाने लिहून काढला, तेव्हा एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, म्हणजे नकाराधिकार नसतानाही त्यांनी पाचही जणांकडून सही आणली.’ त्यानंतर देश बदलून मागा, असं कुणी म्हणालं नाही.

दोन समित्यांत आमची मुलं होती. एक आमसभेची पहिली समिती, निःशस्त्रीकरणाची, जिला या वर्तुळात सगळे डायसेक म्हणतात. दुसरी अर्थविषयक, आणि तिथला विषय होता समुद्रकिनारा नसलेल्या देशांचा व्यापार. तिथेही मंगोलियाच्या बाजूने ठोस आधार सापडला. १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराचं कलम १२५ भूवेष्टित देशांना समुद्रापर्यंत जाण्या-येण्याचा हक्क देतं. मात्र तो हक्क प्रत्यक्षात कसा वापरायचा, ते वाटेतल्या देशाशी करार करून ठरवावं लागतं. हक्क आहे, पण शेजाऱ्याशी बोलल्याशिवाय तो हाती लागत नाही, हे बारावीतल्या एका मुलाने इतक्या नेमक्या शब्दांत मांडलं की त्याचा पोझिशन पेपर मी जवळजवळ न बदलता पाठवला.

जोड्या लावणं हे माझ्या दृष्टीने सगळ्यात नाजूक काम. एका देशाचे दोन प्रतिनिधी एकाच समितीत बसणार असतील, तर दोन चांगले वक्ते एकत्र ठेवू नयेत. एक भाषणासाठी उभा राहतो तेव्हा दुसऱ्याने खोलीत काय चाललंय ते टिपायचं असतं: कोण कुणाच्या टेबलाशी गेला, कुठल्या मसुद्याला अजून सह्या कमी पडताहेत. आमच्यातली एक मुलगी वर्गात फार कमी बोलायची. तिच्या वहीत मात्र पहिल्या सत्राअखेर खोलीचा पूर्ण नकाशा होता, कोणता देश कोणत्या गटाकडे झुकतोय त्याच्या बाणांसह. तिचा जोडीदार त्या वहीवरून पुढचं भाषण बेतायचा.

परवानग्या आणि प्रवासाचं काम कष्टाचं, पण त्यात सांगण्यासारखं थोडं आहे. पालकांची लेखी संमती, आजार-औषधांची माहिती, तातडीचे फोन नंबर, विमा, ओळखपत्रांच्या प्रती हे सगळं एका फाईलमध्ये छापील आणि दुसऱ्या शिक्षकांच्या फोनमध्येही. नोंदणीची रक्कम परत न मिळण्याची तारीख पालकांना पहिल्याच बैठकीत सांगितली. मुलगे आणि मुली दोन्ही असतील तर सोबत एक शिक्षक आणि एक शिक्षिका हवीच. यात तडजोड करू नये. रात्री किती वाजेपर्यंत खोलीबाहेर राहायचं, तेही आधीच ठरवून घ्यावं, कारण परिषदेत मसुदा ‘आज रात्रीच पूर्ण करायचाय’ असं प्रत्येक गट म्हणतो. आम्ही सामाईक हॉलमध्ये ठरावीक वेळेपर्यंत बसायची मुभा दिली, आणि आम्ही दोघं शिक्षक तिथेच एका कोपऱ्यात बसलो. पोशाखाच्या नियमासाठी कुणावर नवे कपडे घ्यायची वेळ येऊ नये, म्हणून माजी विद्यार्थ्यांकडून कोट गोळा केले.

परिषदेत शिक्षकाने समितीत मागे बसून ऐकायचं असतं, चिठ्ठ्या पाठवायच्या नसतात. हे जड जातं. हजेरीच्या वेळी आमच्या मुलाने ‘उपस्थित आणि मतदान करणार’ असं ठणकावून सांगितलं, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, कारण एकदा असं म्हटलं की शेवटी तटस्थ राहता येत नाही. पण तो विचार करूनच बोलला होता. निःशस्त्रीकरणावर मंगोलियाने तटस्थ राहावं, हेच त्याला पटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खरा पेच आला. डायसेकमध्ये आमच्या गटाच्या मसुद्यात कुणीतरी वाक्य घातलं होतं की अमुक देशांवर निर्बंध लादण्यात येत आहेत. हॉलमध्ये आमच्या मुलांनी संयुक्त राष्ट्रांची सनद उघडली. कलम १० प्रमाणे आमसभा चर्चा करू शकते, शिफारस करू शकते. निर्बंधांचा अधिकार कलम ४१ मध्ये सुरक्षा परिषदेचा. गटातल्या दुसऱ्या शाळेच्या मुलांना मात्र ते वाक्य काढणं म्हणजे माघार वाटत होती. बराच वेळ वाद झाला. शेवटी आमच्या त्या कमी बोलणाऱ्या मुलीने कागद ओढून घेतला, ‘लादण्यात येत आहेत’ खोडलं आणि लिहिलं: ‘अण्वस्त्रधारी देशांनी मंगोलियाप्रमाणे एकट्या देशाने घेतलेल्या अण्वस्त्रमुक्त दर्जालाही लेखी हमी द्यावी, अशी शिफारस करते.’ लादण्याच्या जागी काहीतरी मागणं आलं, आणि ते मागणंही असं की ज्याला २०१२ चा पुरावा आहे. समोरचा मुलगा दोनदा वाचून म्हणाला, ‘हे चालेल, यावर रशियाचा प्रतिनिधीसुद्धा सही करेल.’ आणि त्याने केली.

मसुदा मतदानाला आला तेव्हा त्यात दोन दुरुस्त्या झाल्या होत्या, पैकी एक आमच्या मनाविरुद्ध. तरीही तो साध्या बहुमताने मंजूर झाला. अर्थविषयक समितीत आमचा मसुदा दुसऱ्या गटाच्या मसुद्यात विलीन करावा लागला, आणि कलम १२५ चा उल्लेख तेवढा टिकला. तो टिकवण्यासाठी आमच्या मुलाने उद्देशिकेतलं स्वतःचं आवडतं वाक्य सोडून दिलं होतं, हे मला परतीच्या प्रवासात त्याच्या जोडीदाराकडून कळलं.

परत आल्यावर हिशेब आणि पावत्या लगेच पूर्ण केल्या, कारण महिनाभराने कुणाला काही आठवत नाही. मुलांनी खालच्या वर्गांसाठी एक तास घेतला आणि त्यात भाषणं न देता हजेरीपासून मतदानापर्यंत छोटी समिती चालवून दाखवली. पुढच्या खेपेला आमच्या मराठीच्या सहकारी मुलं घेऊन जाणार आहेत. त्यांच्याकडे दिलेल्या फाईलमध्ये सगळ्यात वर नियमावली आहे, तिच्याखाली संमतिपत्रांचे नमुने, आणि मग त्या वहीतल्या बाणांच्या पानाची झेरॉक्स.