प्रोसेसर रिकामा, तरी सर्व्हर मंद

मार्चअखेरची व्याज आकारणी रात्री सुरू व्हायची आणि सकाळी काउंटर उघडायची वेळ झाली तरी चालूच असायची. मी सांभाळतो तो सर्व्हर एका पतसंस्थेचा आहे: आठ कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्र काम करणारे भाग), १६ जीबी रॅम आणि ७२०० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला तितक्या फेऱ्या घेणाऱ्या दोन हार्डडिस्क, मिररिंगमध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. सॉफ्टवेअरवाल्यांचं उत्तर ठरलेलं, ‘‘प्रोसेसर कमी पडतोय, नवीन सर्व्हर घ्या.’’ साहेबांनी कोटेशनही मागवलं होतं.

पुरावा काय, तर लोड ॲव्हरेज, म्हणजे चालू असलेल्या किंवा रांगेत थांबलेल्या कामांची सरासरी संख्या, १४. आठ कोअरवर १४ म्हटल्यावर कुणालाही पटेल. पण सर्व्हरवरची लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम या आकड्यात डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही मोजते. प्रोसेसरचा वेळ कशात जातो ते दाखवणाऱ्या ‘टॉप’मध्ये पाहिलं तर ‘डब्ल्यूए’, म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ, साठ टक्क्यांच्या पुढे आणि प्रत्यक्ष काम जेमतेम. डिस्क किती वेळ कामात आहे ते दाखवणाऱ्या ‘आयओस्टॅट’मध्ये डिस्कचा ‘युटिल’ हा आकडा सतत १०० टक्के. प्रोसेसर बिचारा हातावर हात धरून बसला होता.

वाचनाचा प्रश्न लवकर सुटला. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरचा इनोडीबी बफर पूल, म्हणजे डेटा रॅममध्ये धरून ठेवायची जागा, मूळच्या १२८ एमबीवरच होता आणि डेटाबेस ९ जीबीचा. पूल १० जीबी केला. एकदा डेटा रॅममध्ये आला की वाचनासाठी डिस्कला हात लावायची वेळ क्वचितच यायची.

खरी मेख लिहिण्यात होती. व्याजाचा प्रोग्रॅम एकेका खात्यानंतर कमिट करायचा, म्हणजे बदल कायमचा पक्का करायचा, आणि लॉग, म्हणजे त्या बदलाची नोंद, खरोखर डिस्कवर उतरेपर्यंत प्रत्येक कमिट थांबायचं. ७२०० आरपीएमच्या डिस्कला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात. डिस्क सांभाळणाऱ्या कंट्रोलरला वीज गेली तरी टिकणारी, बॅटरीवाली कॅशे (तात्पुरती साठवण) नसेल तर सेकंदाला शंभर कमिट झाली तरी पुष्कळ. इथे कितीही महागडा प्रोसेसर लावा, फरक शून्य. लॉग सेकंदातून एकदाच डिस्कवर उतरवणारी सेटिंग लावा, असं एकाने सुचवलं. वेग नक्की वाढला असता, पण ऐनवेळी वीज गेली तर शेवटच्या सेकंदाभरातले व्यवहार उडू शकतात. लोकांच्या ठेवींशी असला खेळ मी करणार नाही. त्याऐवजी पाचशे खात्यांमागे एक कमिट, असा बदल मागे लागून करून घेतला.

बॅकअपही त्याच रात्री, त्याच डिस्कवर चालायचा. इतर कामांना आधी जाऊ देण्यासाठी त्याला ‘नाइस’ लावलेलं होतं, पण त्याने मुख्यतः प्रोसेसरवरचा अग्रक्रम बदलतो, डिस्कच्या रांगेत त्याचा भरवसा नाही. बॅकअप आकारणीनंतर, वेगळ्या डिस्कवर नेला.

आता डिस्क निवांत झाली आणि गाडं दुसरीकडे अडलं. एक कोअर १०० टक्के, बाकीचे सात मोकळे, कारण प्रोग्रॅम शाखांची आकारणी एकापाठोपाठ एक करायचा. मग शाखा समांतर चालवल्या. दोनवर वेळ जवळपास निम्मा, चारवर आणखी कमी. आठ केल्या तर ‘डब्ल्यूए’ पुन्हा चढला आणि एकूण वेळ उलट वाढला. चारवर थांबलो. आकारणी मध्यरात्रीच्या आत आटोपू लागली. बॅकअपची फाइल दाबून लहान करणारं जीझिपही एकाच कोअरवर रखडायचं, तिथे तेच काम अनेक कोअरवर करणारं पिगझी लावलं.

कोटेशनमधून सर्व्हर वगळून दोन एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्क, तेवढ्या ठेवल्या. त्या आल्या की चारचा आकडा नव्याने मोजावा लागेल. आणि तेव्हा ‘युटिल’ १०० दिसलं म्हणून घाबरायचं नाही; एसएसडी एकाच वेळी अनेक मागण्या पुरवते, त्यामुळे तिथे प्रत्येक मागणीला लागणारा वेळ बघायचा.