एकच तर पायरी आहे!

गेले तीन आठवडे मी चिपळूणात आहे आणि भेटायला येणारा प्रत्येक जण चहाचा कप खाली ठेवायच्या आत तेच विचारतो, तिकडे इंग्लंडात व्हीलचेअरवाल्यांचं सगळं मस्त असेल ना गं? आत्याने तर उत्तर पण स्वतःच दिलं, "तिकडे काय, बटण दाबलं की दार उघडत असेल." उघडतं आत्या, मॉलचं उघडतं. भाड्याच्या घराचं नाही. आता एकदाच सगळं लिहून टाकते.

नवऱ्याला लेस्टरला नोकरी लागली तेव्हा आम्हाला वाटलेलं महिन्याभरात घर मिळेल. पाच महिने लागले. तिथे जुन्या वस्त्यांत एकमेकांना चिकटून ओळीने बांधलेली विटांची घरं असतात, टेरेस म्हणतात त्यांना, आपल्या गच्चीशी काही संबंध नाही. शंभर-सव्वाशे वर्षांची, दार उघडलं की थेट फुटपाथ आणि दारात पायरी. का, तर ओल. लाकडी जमीन मातीपासून वर उचलायची आणि खालून वारा खेळता ठेवायचा, म्हणजे आपल्याकडे पावसापायी जोतं उंच घेतात तसाच हिशोब, फक्त चिऱ्याच्या जागी विटा. पुढे अरुंद पॅसेज, उभा जिना आणि बाथरूम एकतर वरती नाहीतर पार स्वयंपाकघराच्या मागे.

एजंटला फोनवर विचारलं अ‍ॅक्सेसिबल आहे का, तर हो हो म्हणाला, जाऊन बघतो तर बसस्टॉप जवळ म्हणून अ‍ॅक्सेसिबल! दुसरी बाई म्हणाली, अगदी लेव्हल आहे, फक्त एकच स्टेप. तेव्हापासून मी शब्द विचारणं बंद केलं आणि सेंटीमीटर विचारायला लागले. माझी खुर्ची चाकांच्या रिमसकट ६३ सेंटीमीटर. तर दार पूर्ण उघडल्यावर मध्ये जागा किती उरते, चौकटीचं माप नको, मोकळी जागा सांगा. नवरा ऑफिस सुटल्यावर टेप घेऊन जायचा आणि मी व्हिडिओ कॉलवर बघायचे. एका घरी सगळं जमलं, स्वयंपाकघर मोठं, मागे छोटी बाग, मी मनात कढीपत्त्याची कुंडी पण ठेवून झाले, आणि बाथरूमचं दार निघालं ६१. दोन सेंटीमीटर! एजंट म्हणे, थोडा जोर लावला तर जाईल ना.

कायदा आहे का? आहे. २०१० च्या इक्वालिटी अ‍ॅक्टप्रमाणे अपंग आहे म्हणून घर नाकारता येत नाही आणि वाजवी सोयी करून द्याव्या लागतात. पण बारीक अक्षरात वाचा. नळ बदलून मागता येतो, दाराची मूठ, बेल बदलून मागता येते, पण पायरी काढायला किंवा भिंत पाडायला घरमालकाला भाग पाडता येत नाही. त्यासाठी कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, वेगळी ग्रँट असते, इंग्लंडात ३०,००० पौंडांपर्यंत, उत्पन्न बघून देतात, भाडेकरूलाही मागता येते. पण मालकाची संमती लागते आणि पुढची पाच वर्षं त्याच घरात राहायचा इरादा आहे असं लिहून द्यावं लागतं. आम्हाला मिळत होता एक वर्षाचा करार! पाच वर्षांचं वचन कोणाच्या जिवावर द्यायचं? एका मालकाने तर भिंतीला धरायचा दांडा लावायलाही नको म्हटलं, टाइल्सना भोकं पडतील म्हणून.

तिथल्या सरकारच्याच २०१८ च्या घरांच्या सर्व्हेत दारात सपाट प्रवेश, उंबरा नाही, पुरेशी रुंद दारं आणि त्याच मजल्यावर संडास, या चारही गोष्टी असलेली घरं इंग्लंडात जेमतेम ९ टक्के होती. हे मला आधी कळलं असतं तर पाच महिने स्वतःच्या नशिबाला बोल लावला नसता.

शेवटी युक्ती सापडली ती नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्यामुळे. १९९९ साली नवीन घरांसाठी नियम बदलले, दारात पायरी सहसा नको आणि खालच्या मजल्यावर संडास हवाच. मग मी बाकी सगळं सोडून फक्त "किती साली बांधलं?" एवढंच विचारायला लागले, आणि २००४ च्या एका बिल्डिंगमध्ये तळमजल्याचा फ्लॅट मिळाला. दिसायला काडेपेटी, पण मी एकटी आत जाते आणि एकटी बाहेर येते.

आता इकडचं. माहेर गुहागर तालुक्यात, घराला जायला पाखाडी, २३ पायऱ्या. पूर्वी शिमग्याच्या पालखीसारखं चौघं मिळून उचलून न्यायचे, फक्त पालखीला कोणी मध्येच थांबून "जड झाली हो" म्हणत नाही. म्हणून या खेपेला दोन महिन्यांसाठी चिपळूणात खोल्या बघितल्या. नव्या बिल्डिंगांत खाली पार्किंग, वर फ्लॅट, लिफ्ट आहे पण लाइट गेली की मी वरच. तळमजला हवा म्हटलं तर बाजारपेठेजवळ लगेच मिळत होता, भाडंही कमी. मालकांनी भिंतीवरची रेघ दाखवली, २२ जुलै २०२१ च्या पुराची, माझ्या डोक्याच्या हातभर वर. "पाणी आलं तर आम्ही उचलू की तुम्हाला," म्हणाले. हात जोडले आणि निघाले.

मिळाली ती जागा एका काकूंच्या बंगल्यात, मागची खोली, चढावर, पाण्याची भीती नाही. दारात ९ इंचांची पायरी. "एकच तर आहे," काकू म्हणाल्या, आणि मी हसले त्याचं त्यांना कारण कळेना. पण रॅम्प करू म्हटल्यावर लगेच गवंडी बोलावला. त्याने तीन फुटांचा उतार घातला, स्कूटी झकास चढते, माझी खुर्ची मात्र मागे कलंडत होती. मी सांगितलं, इंचाला फूट, म्हणजे नऊ फूट हवा. तो डोकं खाजवत म्हणाला, "ताई, नव फूट केला तर तुळस मधी येते."

काकूंनी तुळस हलवायला साफ नकार दिला. न्हाणीघराची चौकट पण सागाची आहे म्हणून तोडायची नाही, तिथे मी प्लास्टिकच्या खुर्चीवर भागवते. रॅम्पला मात्र गवंड्याने वृंदावनाजवळ सपाट टप्पा ठेवून वळण दिलंय, सिमेंट काल वाळलं, आणि काकू सकाळी पाणी घालायला आल्या की आधी मला बाजूला व्हायला सांगतात.